कृष्णात माने रापायला बसतो

साहेबाची जीप माळावर दिसली, की कृष्णात माने अंगावरचं एकेक उतरवायला लागायचा. पुढं जे काही झालं त्याचं मूळ या एका सवयीत आहे. मोठ्या माणसापुढं डोकं झाकून उभं राहू नये, असं त्याला तासगावच्या शाळेत एका मास्तरांनी छडी मारून शिकवलं होतं. ते मास्तर आज कुठं भेटले, तर कृष्णात त्यांच्या पाया पडेल, आणि पाया पडून झाल्यावर दोन शब्द सुनावल्याशिवाय सोडणार नाही.

त्र्याहत्तर सालचा मे महिना होता. वडूजपासून आटपाडीपर्यंत सगळा मुलूख त्या वर्षी दुष्काळी कामावर माती वाहत होता. आटपाडीच्या पुढं एका उघड्या माळावर पाझर तलावाचा बांध चालला होता, आणि त्या बांधाच्या अर्ध्या भागावर कृष्णात ओव्हरसियर होता. हुद्दा हंगामी. आठ वर्षं हंगामी. आता हंगाम म्हटला की तो कधीतरी संपतो, ज्वारीचासुद्धा संपतो. पण खात्याच्या डिक्शनरीत तसं नसतं.

कृष्णात जन्मतः गोरा. चांगला दिसणारा गोरा नव्हे, उगीच गोरा. घरात कुणी नव्हतं तसलं. शाळेत असताना एकदा खेळांच्या दिवशी दुपारभर मैदानावर राहिला, तर पाठीवर टपोरे फोड आले आणि आठवडाभर पालथा झोपला. तेव्हापासून त्यानं उन्हाची धास्ती घेतली ती घेतलीच. कामावर येताना मनगटापर्यंत बाह्यांचा जाड सदरा, गळ्याचं बटण लावलेलं, पायात मोजे, डोक्याला कानांवरून उपरणं गुंडाळलेलं, त्यावर सोलाची टोपी, आणि हातात बायकोनं जुन्या पायजम्याचे शिवून दिलेले हातमोजे. कामावरच्या बाया त्याला मागं 'बुजगावणं सायेब' म्हणायच्या. त्याला ते ठाऊक होतं. पण बुजगावणं सूर्य उगवायच्या आत बांधावर हजर असतं आणि शेवटची पाटी पडेपर्यंत हलत नाही, हेही त्या बायांना ठाऊक होतं, त्यामुळं त्या म्हणण्यात फारसं विष नव्हतं.

तर त्या दिवशी डेप्युटी साहेबांची जीप आली. कृष्णातनं टोपी काढली, उपरणं सोडलं, हातमोजे खिशात कोंबले, आणि घामानं निथळणारा पांढरा चेहरा घेऊन नमस्काराला उभा राहिला. डेप्युटींनी त्याला वरून खाली न्याहाळला.

"माने, तुम्ही साइटवर येता कधी?"

"रोज येतो, साहेब. दिवस उगवायच्या आत."

"रोज? आणि हा रंग? आमच्या आजोळी नवी सून एवढी गोरी राहत नाही हो!"

साहेबांबरोबर आलेले चौघेजण हसले. आता यात हसण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. पण साहेबांबरोबर जी माणसं येतात ती हसण्यासाठीच येतात, त्यांना दुसरं काम नसतं.

एवढ्यात पलीकडच्या भागाचा ओव्हरसियर लालासाहेब पळत आला. लालासाहेब जन्मतःच काळाभोर. त्यात त्याचा दोष नाही आणि त्याची कर्तबगारीही नाही. तो बांधाच्या पलीकडं बहिणीच्या वस्तीवर सकाळच्या न्याहारीपासून झोपलेला होता. त्याच्या गालावर गोधडीच्या टाक्यांची नक्षी स्पष्ट उमटलेली होती. मुकादम साळूबाईला ती दिसली, तिच्या टोळीतल्या सगळ्या बायांना दिसली. डेप्युटींना दिसला फक्त रंग.

"हा बघा!" डेप्युटी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "याला म्हणतात फील्डवरचा माणूस. रापलाय बघा कसा!" मग कृष्णातकडं वळून म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मोठे साहेब येतायत. दोघांपैकी एकाला कायम करायचंय आणि हा तलाव पुरा होईतो त्याच्याच ताब्यात द्यायचाय. आता तुम्हीच सांगा, असा सावलीतला माणूस मी त्यांच्यापुढं कुठल्या तोंडानं उभा करू?"

कृष्णातच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गोऱ्या माणसाचं एक दुर्दैव असतं, त्याला राग लपवता येत नाही. त्याचे कान लालभडक झाले.

"बघा, एवढ्यात लाल झाले!" डेप्युटी म्हणाले. "पाच मिनिटांचं ऊन सोसवत नाही!"

ते चौघे पुन्हा हसले.

आटपाडीत कृष्णातचं बिऱ्हाड हरणाबाईंच्या घरात होतं. माळवदाचं घर, म्हणजे वर सपाट मातीचं छप्पर आणि त्यावर चढायला परसात एक शिडी. मधल्या पातळ भिंतीपलीकडं मिल्ट्रीतून रिटायर झालेले सुभेदार केरबा राहत. संध्याकाळी कृष्णात घरी आला तो टोपी भिरकावतच.

"आठ वर्षं! आठ वर्षं उन्हात उभा राहिलो, आणि तो गोधडीवर लोळणारा फील्डवरचा माणूस! डेप्युटी मला चोर म्हणाला असता तर चाललं असतं, शालू. कामचोर म्हणाला!"

त्याची बायको शालू भाकरी थापत होती. "मग तुमी तवाच का न्हाई सांगितलं?"

"साहेबापुढं बोलतात का?"

"मग आता माझ्यापुढं कशाला बोलताय? मी काय कायम करणार हाय तुमाला?"

बाईचं म्हणणं बिनतोड होतं, म्हणून कृष्णातला आणखी राग आला. "ठीक आहे! रंग पाहिजे ना यांना? रंग दाखवतो! काळा होऊन दाखवतो!"

भिंतीपलीकडून खाकरल्याचा आवाज आला आणि मागोमाग सुभेदार स्वतःच दारात उभे राहिले. भिंतीपलीकडचं ऐकू आलं असं ते कधी म्हणत नसत. ते सरळ मधूनच बोलायला सुरुवात करत.

"काळं व्हायाचं म्हंजे काय अवघड न्हाई गड्या. लढाईच्या टायमाला आमी परदेशात हुतो, तवा बघितलंय. तितल्या गोऱ्या मडमा समुद्राच्या वाळूत अंगाला तेल चोपडून उघड्या पडायच्या. आज पुढून, उद्या मागून. चार दिसात तांब्याच्या घागरीवाणी!"

"मुद्दाम?" शालूनं विचारलं.

"मुद्दाम! लय फॅशन हाय म्हनं तिकडं."

घरमालकीण हरणाबाई पाणी मागायचं निमित्त काढून आल्या होत्या. त्यांनी कमरेवर हात ठेवले. त्यांची धाकटी पोर सावळी, तीन ठिकाणांहून नकार येऊन घरी बसलेली. "आवं मानेसायेब, माझ्या पोरीला गोरी कराया मी हळद लावली, साय लावली, डाळीचं पीठ लावलं, आन् तुमी देवानं दिलेला रंग पुसाया निगालाय व्हय? ह्या जगाला आग लागली ती लागलीच. लगनाला गोरं पायजे, नोकरीला काळं पायजे! मानसानं आपल्या कातड्यात ऱ्हायाचंच न्हाई का?"

बाई रागानं बोलल्या, खरं बोलल्या, आणि तांब्याभर पाणी घेऊन गेल्या. दुष्काळात तांब्याभर पाणी म्हणजे काही थोडं नव्हे.

दुसऱ्या दिवशी कृष्णात दवाखान्यात गेला. काळं व्हायची एखादी गोळी असली तर बघावं, असा त्याचा बेत होता. आटपाडीचे डॉक्टर तापट. त्या वर्षी उन्हानं आडवी झालेली माणसं रोज त्यांच्या ओट्यावर रांगेनं झोपलेली असत, त्यामुळं ते जास्तच तापलेले होते. त्यांनी कृष्णातचं सगळं ऐकून घेतलं आणि स्टेथोस्कोप टेबलावर आपटला.

"तुला अक्कल आहे का? तुझी कातडी रापायच्या जातीची नाही, भाजायच्या जातीची आहे. आणि रापणं म्हणजे तरी काय रे? उन्हानं हाणलेला मार तो. कुणाचा वळ काळा उठतो, कुणाचा लाल, एवढाच फरक. मार सगळ्यांनाच बसतो. त्या काळ्या माणसांनापण मी तेच सांगतो, झाका, दुपारी टेका, पाणी प्या."

"थोडंसंच बसलं तर, डॉक्टर?"

"थोडंसं साठत जातं. फोड येतील, जातील, तुला वाटेल मिटलं. कातडी विसरत नाही. म्हातारपणी नाकावर नाहीतर कानावर न भरणारी जखम घेऊन येशील, तेव्हा मी नसेन शिव्या द्यायला, म्हणून आत्ताच देतो." आणि त्यांनी खरोखरच दिल्या. "आज जे झाकून फिरतोस ना, तेच बरोबर आहे. जा!"

एवढं स्वच्छ सांगितल्यावर कुठलाही शहाणा माणूस घरी जाऊन गप्प बसला असता. पण कृष्णात शहाणा असला तरी चिडलेला होता. त्याला वाटेत लालासाहेब भेटला आणि म्हणाला, "काय माने, दवाखान्यात? ऊन लागलं का काय?" झालं! डॉक्टरांचं सगळं बोलणं तिथंच रस्त्यावर सांडलं.

बाजाराच्या दिवशी काम बंद असे. त्या दिवशी शालू टँकरच्या रांगेला घागरी लावायला गेली, तसा कृष्णात परसात आला. सुभेदार तेलाची बुधली घेऊन तयारच होते. शालूनं तेलाला साफ नकार दिला होता, खायला तेल नाही आणि हे अंगाला लावणार म्हणे. सुभेदारांनी गुडघ्याचं तेल आणलं होतं. त्याला कापराचा असा भपकारा होता की परसातली कोंबडी लांब जाऊन उभी राहिली.

कृष्णात चट्टेरी चड्डी आणि बाह्या नसलेलं बनियन एवढ्यावर माळवदावर चढला. बनियनही काढा असं सुभेदार म्हणत होते. पण भर गावात उघड्या अंगानं पडणं त्याच्या मध्यमवर्गीय मनाला पटेना. सुभेदारांनी त्याला तेल चोपडलं, 'पुढची बाजू' असा हुकूम सोडला, आणि अर्ध्या तासानं 'मागची बाजू' म्हणायला येतो असं सांगून खाली जाऊन निजले. मिल्ट्रीतला माणूस, निजला म्हणजे निजला.

मग हरणाबाई कुरडयांचं सूप घेऊन शिडी चढल्या. माळवदाच्या कडेवरून त्यांचं डोकं वर आलं, आणि समोर त्यांना आपला भाडेकरू तेलानं चकाकत, डोळे मिटून, चड्डीवर पडलेला दिसला. त्या ओरडल्या नाहीत. तशा खानदानी बाई. गुपचूप उलट्या पावली उतरल्या, आणि शेजारपाजारच्या लेकीसुना चुकून वर जाऊ नयेत म्हणून शिडी काढून गोठ्यात ठेवून दिली, आणि घराला कडी लावून बाजारला गेल्या.

अर्ध्या तासाचा एक तास झाला. कृष्णातला अंगाची चुणचुण व्हायला लागली तसा तो उतरायला उठला. शिडी नाही! त्यानं सुभेदारांना हाका मारल्या. खालून घोरण्याचा आवाज आला. पलीकडच्या बोळातून चार बाजारकरू चालले होते, त्यांना हाका मारल्या. त्यांनी वर बघितलं, बनियनवरचा ओव्हरसियर हातवारे करताना बघितला, आणि त्यांनी जाऊन चावडीत सांगितलं की दुष्काळी कामाचा ओव्हरसियर माळवदावर उपोषणाला बसलाय.

त्या वर्षी मोर्चे, उपोषणं रोजचीच होती, आणि तलाठ्याला वरून सक्त ताकीद होती की असलं काही दिसलं की ताबडतोब जाऊन मागणी समजून घ्यायची. तलाठी आला. स्वतः छत्री घेऊन, भिंतीच्या सावलीत उभा राहिला. मागं पन्नासेक माणूस जमला.

"माने, मागणी काय आहे तुमची?"

"शिडी!" कृष्णात वरून ओरडला.

तलाठ्यानं विचार केला. "किती गावांसाठी?"

"अहो, मला एकट्याला! खाली उतरायला!"

"म्हणजे उपोषण मागं घेताय?"

"उपोषण नाही हो! मी उन्हात पडलोय!"

"ते दिसतंय. पण कशाच्या निषेधार्थ?"

"निषेध नाही! मला काळं व्हायचंय!"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "ऊन लागलंया वो सायेबाला." सगळ्यांना ते पटलं. तलाठी टाचा उंचावून समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघा माने, शिडी आमच्या अखत्यारीत येत नाही. शिडी पंचायत समितीकडं. आणि आज बाजार, समिती बंद. मी तोंडी कळवतो, तोवर तुम्ही शांततेच्या मार्गानं बसा."

"शांततेच्या? अहो, माझी मान पेटलीय!"

पेटलीच होती. डोक्यावर मे महिना, खाली तापलेली माती, आणि वर सावलीचं नाव नाही. तो भांडत उभा राहिला, भांडत बसला, भांडत या कडेवरून त्या कडेला गेला, आणि ऊन त्याच्याबरोबर सगळीकडं गेलं. पन्नास माणसांतल्या एकालाही गोठ्यात डोकावून बघावं असं वाटलं नाही. सल्ले मात्र भरपूर आले. कुणी म्हणालं उडी टाका, कुणी म्हणालं हनुमानाचं नाव घ्या. शेवटी शालू डोक्यावर घागरी घेऊन आली, तिनं हा तमाशा बघितला, घागरी उतरवल्या, गोठ्यातून शिडी आणली आणि लावली. मग जमावाकडं वळून एवढंच म्हणाली, "घरी आयाभैनी हायत का न्हाईत तुमाला? चला निगा!" तलाठीसुद्धा निघाला.

रात्रीत कृष्णातला ताप भरला. सकाळी शालूनं तेलकट बनियन हलक्या हातानं काढलं, तर आतून पांढरंशुभ्र दुसरं बनियन निघालं. ते त्याचंच अंग होतं. बाकी तोंड, मान, हात, खांदे, पाय भाजलेल्या वांग्यासारखे झाले होते, आणि त्यावर फोड. काळा तर तो नखाएवढाही झाला नव्हता. डॉक्टर आले, बघितलं, आणि या वेळी शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. गुलाबी औषधाची बाटली दिली, ओल्या फडक्यानं पुसायला सांगितलं, फोड फोडू नका म्हणाले, आणि भरपूर पाणी पाजायला सांगून निघून गेले. ते जे गप्प बसले त्याचा कृष्णातला फार अपमान वाटला.

आणि मोठे साहेब त्या आठवड्याच्या शेवटी यायचे, ते दुसऱ्याच दिवशी येऊन ठेपले.

"जाऊ नका," शालू म्हणाली.

"नाही गेलो तर म्हणतील, बघा, आजपण आला नाही."

सदरा अंगाला लावून घेववेना, म्हणून तिनं आपलं जुनं मऊ सुती लुगडं फाडून त्याच्या खांद्यावरून गुंडाळलं. तोंडाला गुलाबी औषध, डोक्याला उपरणं, वर सोलाची टोपी. असा तो पाण्याच्या टँकरवर बसून कामावर निघाला, तेव्हा शालूला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. मग तिला रडू आलं, तेही दाबलं.

माळावर छोटा मांडव घातला होता. कामावरच्या बाया रोज नवऱ्यांचे जुने सदरे घालून, पदर तोंडावर घेऊन, पायांना चिंध्या बांधून माती वाहत. आज डेप्युटींच्या हुकुमानं सगळ्यांचे सदरे काढून ठेवायला लावले होते, साहेबांपुढं बावळं दिसायला नको म्हणून. साळूबाई आपले उघडे दंड झाकत कुरकुरत उभी होती. मोठे साहेब बारके, वाळके, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, हातभर बाह्यांचा शर्ट. डेप्युटींनी आपली हॅट आदबीनं काखेत मारली होती. डेप्युटींना केस होते, पण ते सगळे कानांच्या आजूबाजूला.

"हे कोण?" मोठ्या साहेबांनी गुलाबी तोंडाकडं बघत विचारलं.

"माने, साहेब. मी बोललो होतो ते." डेप्युटी कसनुसं हसले.

लालासाहेब पुढं सरला. "परवा एक दिवस उन्हात बसले, साहेब. त्यानं असं झालं."

डेप्युटींनी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली. "एका दिवसाच्या उन्हानं? बघा, साहेब! म्हणजे आठ वर्षांत हा माणूस उन्हात आलेलाच नाही. याहून वेगळा पुरावा काय पाहिजे?"

ते चौघे आजही बरोबर होते. ते हसले.

कृष्णातनं ते हसणं सोसलं असतं, पण तो 'पुरावा' शब्द त्याच्या फोडांवर जाऊन बसला. आठ वर्षांचं तोंड उघडलं.

"कसला पुरावा? हा हिशेब उलटा आहे, साहेब! एक दिवस भाजलो, कारण एकच दिवस अंग उघडं टाकलं! आठ वर्षं भाजलो नाही, कारण आठ वर्षं झाकून उभा राहिलो! अहो, उन्हात उभा राहणारा माणूस झाकणार नाही, तर काय गोधडीवर झोपणारा झाकणार? या बायांना विचारा, रोज सदरे घालून माती वाहतात. आज काढायला लावले, का? तर तुम्ही येणार म्हणून! मी पण तेच करत आलो, तुमची जीप आली की टोपी काढायची, उपरणं सोडायचं, आणि तुम्ही काय बघता? पांढरं तोंड! आणि ही छत्री!" त्यानं मोजणीच्या यंत्रावर धरलेल्या खात्याच्या छत्रीकडं बोट दाखवलं. "यंत्राची आहे, तुमची नाही, असं मला डेप्युटी साहेबांनी सुनावलंय. का, तर ऊन लागलं की यंत्राचं माप चुकतं. मग माणसाला ऊन लागलं की काय चुकतं ते मी सांगतो. माणूस तेल लावून माळवदावर जाऊन पडतो!"

आपण साहेबापुढं ओरडलो, हे कृष्णातच्या उशिरानं ध्यानात आलं, आणि त्याचा हात सवयीनं टोपी काढायला वर गेला.

"असू द्या," मोठे साहेब म्हणाले. "आजारी आहात. झालं बोलून?"

"नाही, साहेब. पण राहू दे."

"मग बांध दाखवा."

मोठे साहेब चालायला लागले. त्यांच्या डोक्यावर टोपी, कृष्णातच्या डोक्यावर टोपी, आणि मागं डेप्युटी, हॅट काखेत. मोठे साहेब बोलत असताना ती डोक्यावर घालणं शक्यच नव्हतं. त्यांनाही कुणीतरी मास्तर भेटलेले असणार.

कृष्णातनं बांध दाखवला. असा दाखवला की तसा आजवर कुणी कुणाला दाखवला नसेल. कुठं काळी माती लागली, कुठं मुरूम, कुठं पाया खोदताना मध्येच खडक आला आणि साळूबाईच्या टोळीनं तो कसा फोडला, कुठली खुंटी कधी ठोकली. अंग ठणकत होतं, फोडांना कापड घासत होतं, पण तो एक खुंटी सोडेना. मोठे साहेब प्रश्न विचारत राहिले, आणि प्रत्येक उत्तराला डेप्युटींचं टक्कल थोडं थोडं पिकत गेलं.

मग लालासाहेबाचा भाग आला.

"सांडवा कुठं घेतलाय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

सांडवा म्हणजे तलाव भरला की जादा पाणी सोडायची वाट. लालासाहेबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि हळूच साळूबाईच्या कानाशी लागला. "सांडवा कुठशी गं?"

साळूबाईला हळू बोलायची सवय नव्हती. "आवं, तुमी त्याच्यावरच हुबं हाय!"

परत मांडवात येईतो दुपार टळायला आली होती. मोठ्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि बरोबरच्या माणसांवरून नजर फिरवली. ती डेप्युटींवर येऊन थांबली. डेप्युटी डोक्यापासून कॉलरपर्यंत लालबुंद, डोळे अर्धे मिटलेले, एका हातानं मांडवाचा बांबू धरून उभे होते.

"काय हो," मोठे साहेब म्हणाले, "तुम्ही साइटवर येता कधी?"

त्या चौघांना हसावं की नाही ते कळेना. पहिल्यांदा साळूबाई हसली. मग तिची टोळी हसली. मग सगळा माळ हसला.

कृष्णात हसला नाही. हसलं की गालाचे फोड ताणत होते, शिवाय त्याचा राग अजून पुरता उतरला नव्हता. मोठ्या साहेबांनी जाताना कायम करण्यासाठी त्याचं नाव लिहून घ्यायला सांगितलं आणि तलाव त्याच्याकडंच ठेवला, तेव्हाही तो एवढंच म्हणाला, "साहेब, बायांना सदरे घालू द्या." साळूबाईनं परवानगीची वाट बघितली नव्हती. तिनं आपला सदरा केव्हाच चढवला होता.

दुसऱ्या दिवशी डेप्युटींचा शिपाई गुलाबी औषध मागायला दारात आला. उरलेली बाटली शालूनं देऊन टाकली. कृष्णातनं आतून ओरडून सांगितलं, "साहेबांना म्हणावं, फोड फोडू नका, आणि डोकं झाकत जा!"

कातडी निघून गेली, खाली पुन्हा तोच उगीच गोरा रंग आला, फक्त खांद्यांवर बनियनच्या पट्ट्यांची खूण राहिली ती राहिलीच. महिन्याभरानं पुन्हा जीप आली. कृष्णात बांधावर उभा होता, टोपी, उपरणं, हातमोजे, सगळ्यानिशी. डेप्युटी उतरले, त्यांच्याही डोक्यावर या वेळी हॅट होती. कृष्णातनं दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला, आणि टोपीला हात लावला नाही.